जिथं ओझं उतरेल तिथं जमीन

“ही पोरगी बोलत न्हाई, पर बघती लई.”

घोडीच्या पाठीवरची गाठ सोडता सोडता हिरा सासूला म्हणाली. मी बांधावरच्या लिंबाखाली उभी होते. इंग्रजी शाळेत शिकलेली शेठची मुलगी – आपलं बोलणं हिला काय कळणार, असं तिला वाटलं असावं. सासूनं वर न बघताच उत्तर दिलं, “बघू दे की. बघून काय झिजतंय व्हय आपलं?”

दोघी हसल्या. मीही हसले, पण त्यांना दिसणार नाही असं.

हे मी आजवर सांगितलेलं नाही. म्हणजे – एका संध्याकाळी, त्याच शेतात, चार माणसांपुढे तोंडातून निघालं, तेवढंच. घरी नाही, मैत्रिणींना नाही. आणि माझी चित्रं बघायला जे लोक आठवड्यामागून आठवडे यायचे त्यांना तर नाहीच. कदाचित तुम्हीही त्यांतले असाल. इंटरनेटवर एक इंग्रजी चित्रकथा होती, भटक्या लोकांची. आता ती तिथं नाही. लेखिकेच्या नावाशेजारी एक फोटो होता – पांढऱ्या घोडीच्या मानेवर हात टाकून, मागे वळून हसणारी, हिरव्या लुगड्यातली बाई. ती मी नाही. ती हिरा.

पण एवढं सांगून भागत नाही. एवढंच असतं तर मी हे लिहायला बसले असते का?

थोडं मागून सांगते. बीडला आमचं किराणा-भुसाराचं दुकान आहे आणि पालीला, धरणाच्या अंगाला, थोडी जमीन. ज्वारी काढून रान मोकळं झालं की अप्पा, म्हणजे माझे वडील, कडा गावाकडच्या धुळाबांना निरोप धाडायचे. धुळाबा हे हिराचे सासरे. त्यांच्या मेंढ्या आमच्या रानात काही दिवस बसायच्या, लेंडीखतानं जमीन सुधारायची आणि त्या बदल्यात धुळाबांना ज्वारीची पोती मिळायची. मी जन्मले त्याच्या आधीपासून हे चालू होतं. तरी मी ते पहिल्यांदा पाहिलं ते कॉलेजात असताना. त्याआधी शेतात जायला मला लाज वाटायची. शाळेनं मला इंग्रजी दिली आणि मराठीत तोंड उघडायची हिंमत काढून घेतली, असं मी तेव्हा म्हणत असे. तेही खरं नाही. मी मुळातच भित्री.

तुम्ही मेंढरांचा कळप उतरताना पाहिलाय कधी? लोकांना मेंढ्या दिसतात, काठीवाले पुरुष दिसतात. पण ते मागून येतात, चारत चारत, लांबच्या वाटेनं. त्यांच्या कितीतरी आधी बायका घोडी घेऊन पोचलेल्या असतात. घोडीवर सगळं घर – वाकळा, भांडी, उलट्या बांधलेल्या कोंबड्या, कालच जन्मलेली कोकरं, आणि सगळ्यावर बसलेलं एखादं मूल. पुढच्या घोडीचा कासरा ज्या बाईच्या हातात, ती ठरवते कुठं थांबायचं. धुळाबांच्या बिऱ्हाडात ती हिरा होती. माझ्याच वयाची. सासूनं स्वतःच्या हातातला कासरा लग्नानंतर दोन-तीन वर्षांत तिला दिला होता, आणि सासू हे कुणालाही मोठ्या तोऱ्यात सांगायची. “हिला जागा कळती. माझ्याहून बेस कळती.”

त्या दिवशी हिरा आमच्या रानात फिरली. एक ढेकूळ टाचेनं फोडलं. तोंड वर करून वाऱ्याकडे बघितलं. धरणाच्या बाजूला थोडं गेली, परत आली. मग एका ठिकाणी उभी राहिली – मला तरी ती जागा बाकीच्या रानासारखीच दिसत होती – आणि तिनं लक्षीच्या मानेवर थाप मारली. लक्षी म्हणजे ती पांढरी घोडी. घोडी थांबली. गाठ सुटली, ओझं खाली आलं, आणि मला सांगता येत नाही तुम्हाला – त्या क्षणापर्यंत ते अप्पांच्या नावावरचं एक रिकामं शेत होतं. गाठ सुटल्यावर तिथं घर होतं. चूल होती. घराला आत आणि बाहेर होतं, पुढचं आणि मागचं होतं. कोंबड्या अशा फिरायला लागल्या की जणू तिथंच जन्मल्या. दिवस मावळता मावळता धूर सरळ वर चढला आणि धरणापलीकडून मेंढ्यांचा आवाज आला; पुरुष त्या धुराकडे बघून येत होते. माझ्या अंगावर काटा आला. देवळात सगळ्यांच्या येतो म्हणतात, माझ्या कधी आला नव्हता.

घरी येऊन मी चित्र काढलं. हिरा, लक्षी, मागे माणसं, मेंढ्या. चित्रं मी लहानपणापासून काढायची, पण एक गोष्ट मला कधी जमली नाही – जमीन. माणसं बरी यायची; त्यांच्या पायाखाली काही काढलं की सगळी घसरून पडतील अशी दिसायची. म्हणून त्या दिवशी पायाखाली काहीच काढलं नाही. कोऱ्या कागदावर ती माणसं चालत होती. मी त्या कागदाकडे किती वेळ बघत बसले असेन. त्यातूनच कथा आली. जगात जमीनच नाही. एक टोळी पांढऱ्या पोकळीतून चालते आहे, पुढे एक बाई घोडी घेऊन. ती जिथं ओझं उतरवते, तिथं जमीन उगवते – डोंगर, ओढा, गवत, सगळं. मेंढ्या ते चरतात. चरून संपलं की जमीन विरून जाते, आणि ती बाई पुन्हा गाठ बांधते.

अप्पांनी कॉलेजसाठी कॉम्प्युटर आणि स्कॅनर घेऊन दिला होता. बीडमध्ये तेव्हा टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट नुकतंच घराघरांत येत होतं. आधी पेन्सिल, मग काळी शाई, मग स्कॅन, आणि मग माऊसनं एकेक रंग भरायचा. आठवड्याला एक पान. वर चढवलं की ते पडद्यावर वरून खाली, पट्टी पट्टी करत उघडायचं. आधी आभाळ. मग डोकी. मग घोडीचे कान. खालचा पांढरा भाग आला की कळायचं नाही, पान अडकलंय की पूर्ण झालंय. आणि लोक यायला लागले. कुठल्या कुठल्या देशांतून. हिवाळ्यात सूर्यच उगवत नाही अशा गावातल्या एका बाईनं लिहिलं, ‘तुझी जमीन उगवते तेव्हा मी दिवा लावते.’ बीडच्या बस स्टँडमागच्या घरात बसून मी हे वाचत होते. घरात पाहुणे आले तर मी आतल्या खोलीत जायची, आणि इथे –

लेखिका म्हणून मी ‘हिरा’ एवढंच नाव लावलं होतं. तोवर ठीक होतं, असं मी स्वतःला समजावत आले. मग कुणीतरी विचारलं, ही तुमची माणसं आहेत का? तुम्ही यांच्यातल्या आहात?

मराठीत विचारलं असतं तर मी गप्प बसले असते. इंग्रजीत मी कधीच भित्री नव्हते. मी लिहिलं – हो. मी घोडी घेऊन पुढे चालते.

फोटोची गोष्ट त्याच्या थोडी आधीची. चुलतभावाचा डिजिटल कॅमेरा घेऊन मी पालीला गेले होते. हिरानं हात आडवा केला. “कावून काढता फोटू? माझा नको, ताई. आमच्यात सुनंचा फोटू भाईर गेला की बोलत्यात लोक. लक्षीचा काढा. म्हातारी झालीय ती, उद्या असंल-नसंल.” मी लक्षीचा काढायला लागले. हिरा तिला धरून उभी होती, चौकटीच्या बाहेर आहोत असं समजून. मागून सासू काहीतरी चावट बोलली, हिरा वळून हसली, आणि माझं बोट दाबलं गेलं.

“मी आले का त्यात?” तिनं विचारलं.

“नाही. घोडीच आली,” मी म्हणाले.

आले म्हटलं असतं तर तिनं पुसायला लावलं असतं. माझ्या हातून निघालेला तो सगळ्यात सुंदर फोटो होता. पुढच्या खेपेला तिला घोडीचा फोटो छापून नेऊन दिला – हिराला कापून टाकून. पण लक्षीच्या मानेवरचा हात कापता आला नाही, कापला असता तर घोडीची मानच गेली असती. हिरानं फोटो उन्हात धरला आणि म्हणाली, “हात तर माझाच हाय की.” हसली. गाठोड्यात आत खोल ठेवून दिला.

आणि मी तो पूर्ण फोटो माझ्या नावाशेजारी लावला. आता वाचणाऱ्यांना शंका राहिली नाही.

यापुढचं लिहायचं मी टाळत आले. लिहिते.

पुण्याच्या एका पेपरच्या रविवारच्या पुरवणीत कुणीतरी त्या चित्रकथेवर लेख लिहिला. बीड जिल्ह्यातली मेंढपाळांची लेक, मेंढरांमागे चालता चालता जगाला गोष्ट सांगते, अशा अर्थाचं काहीतरी. फोटो मोठा छापला होता. मी तो अंक पाहिला तेव्हा घाबरले, पण खोटं कशाला बोलू – आनंदही झाला. कड्याला पेपर कोण वाचणार, असं मला वाटलं.

महिनाभरानं धुळाबा दुकानात आले. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. मी अप्पांचा डबा घेऊन आले होते. धुळाबांनी पटक्यातून घडी केलेला कागद काढला आणि अप्पांपुढे गादीवर ठेवला.

“शेठ, आमची हिरी पेपरात आलीय.”

अप्पांनी चष्मा लावला. “अरे, हो की. इंग्रजीत चित्रांच्या गोष्टी काढते म्हणे ही.”

“कशाच्या गोष्टी अन् काय. सहीच्या जागी आंगठा उठवती ती.” धुळाबा खाली पोत्यावर बसले. “बाजारात पोरं मागं लागत्यात. ‘ए, इंग्रजी बोल की,’ म्हनत्यात. कुनी बी मोबाईल काढून तोंडाम्होरं धरतंय. पोरगा बोलंना तिच्याशी. म्हातारी म्हनती, हिनंच कुनाला तरी फोटू दिला आसंल, त्याबिगर जातोय व्हय? हिरी नुस्ती खाली बघती. हो म्हनंना, न्हाई म्हनंना.”

मग ते माझ्याकडे वळले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. एखाद्या डॉक्टरला विचारावं तसं त्यांनी विचारलं. “ताई, तुमाला ह्यातलं समदं कळतंय. तुमीच सांगा. हिरीनं दिला आसंल का?”

अप्पाही माझ्याकडे बघत होते. मी रोज कॉम्प्युटरवर बसून काय करते ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं. पोरगी शिकतेय, एवढंच त्यांना पुरत असे.

काय काय म्हणता आलं असतं बघा. मला माहीत नाही, असं म्हणता आलं असतं – तेही खोटंच, पण त्यानं कुणाच्या डोक्यावर काही पडलं नसतं. गप्प बसता आलं असतं. ते तर मला चांगलं जमत होतं. पण धुळाबांच्या प्रश्नातच एक दार उघडं होतं आणि त्या दारातून निसटता येत होतं.

“दिला असेल,” मी म्हणाले.

आजवर न सांगितलेलं ते हे. बाकीचं सगळं याच्या आजूबाजूचं आहे. नाव घेतलं, फोटो लावला, मी तीच असं लिहिलं – ते सगळं मी लांबच्या लोकांशी बोललेलं खोटं होतं. हे मी तिच्या घरच्या माणसाला, त्यानं विश्वासानं विचारल्यावर, माझ्या तोंडानं, मराठीत सांगितलं. धुळाबांनी मान हलवली. कागदाची घडी केली, पटक्यात ठेवली. “बरं झालं, तुमाला इचारलं,” म्हणाले. अप्पांनी त्यांना चहा मागवला.

त्याच संध्याकाळी मी फोटो काढून टाकला. त्यानं काय होणार होतं?

पुढच्या वर्षी ते आले तेव्हा लक्षीचा कासरा सासूच्या हातात होता. मी लिंबाखालीच उभी होते. म्हातारीनं चटकन एक जागा धरली, ओझं उतरवलं, चूल पेटवली, आणि सगळा धूर वाघरीत, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीत, कोकरांवर गेला. पुन्हा गाठ बांधली, पुन्हा जागा बदलली. तोवर अंधारून आलं, मेंढ्या धरणाच्या पलीकडेच ओरडत राहिल्या. हिरा मेंढ्यांमागून आली. धुळीनं पापण्यांपर्यंत पांढरी झालेली, लंगडं कोकरू काखेत. धुळाबा अप्पांना म्हणाले, “पोरीला पुढं सोडत न्हाई आता. गावोगाव वळखत्यात तिला. पुढं एकली बाई, कुनी अडवलं तर काय करायचं?”

म्हणजे माझ्या गोष्टीतल्या बाईजवळ जे होतं, ज्यासाठी मी ती गोष्ट काढली होती, नेमकं तेच हिराच्या हातातून गेलं. आणि मी काय केलं? घरी आले आणि त्याचं पान काढलं. टोळी बाईच्या हातातून कासरा काढून घेते. दुसरी कुणी ओझं उतरवते आणि जमीन उगवत नाही. सगळी माणसं, मेंढ्या, घोडी, पांढऱ्या कागदावर उभी. ते पान लोकांना सर्वांत जास्त आवडलं. दिवा लावणाऱ्या त्या बाईनं लिहिलं की वाचून ती रडली. मी तिचे आभार मानले.

त्याच्या पुढच्या वर्षी लक्षी नव्हती. नवी तांबडी घोडी सासूच्या हाताला जुमानत नव्हती. मी त्या संध्याकाळी शेतात कशाला गेले ते मला आजही नीट सांगता येत नाही. बोलायला नव्हते गेले. बघायलाच गेले असेन, त्याच लिंबाखाली. पुरुष पोचले होते, वाघर लागली होती, धुळाबा चुलीशी बसून पाय शेकत होते, हिराचा नवरा मेंढ्या आत घालत होता. सासू नव्या घोडीला शिव्या देत मला म्हणाली, “लक्षी गेली औंदा, ताई. तिच्यासारखी व्हायची न्हाई. हिरीकडं एक फोटू हाय तिचा. कुनाला दावत न्हाई बया. रडायला आलं की एकलीच काढून बघती.”

मला आधी कळलंच नाही ती काय बोलली. मग कळलं.

तो फोटो गाठोड्यात होता. दोन वर्षं होता. पेपरात आलेली तीच घोडी, तोच हात, त्याच बांगड्या. तो काढून नुसता धुळाबांपुढे धरला असता तर त्यांनी विचारलं असतं, तुला कुणी दिला? आणि तिनं म्हटलं असतं, शेठच्या ताईनं. तेवढ्यानं घरच्यांचा तिच्यावरचा संशय गेला असता, कासराही कदाचित परत आला असता. तिला सगळं पहिल्या दिवसापासून माहीत होतं – तोवर तिचा आयुष्यात एकच फोटो निघाला होता. तिनं तो कुणाला दाखवला नाही. का, ते मला माहीत नाही. आमचं शेत तुटू नये म्हणून? माझी कीव आली म्हणून? की माझं नाव तोंडात घेण्याइतकीही माझी किंमत तिच्या लेखी उरली नव्हती? मी विचारलं नाही, ती बोलली नाही. मी फक्त तिच्याकडे बघत राहिले, जशी पहिल्या दिवशी बघत होते तशीच. ती चुलीपलीकडे कोकराला दूध पाजत होती. तेव्हाही मला वाटत होतं की जगात याहून मोठं काही मी पाहिलेलं नाही.

सासूनं माझ्याकडे बघितलं, मग सुनेकडे. “ही अशी काय बघती गं?”

हिरानं मान वर केली नाही. “बघू दे,” म्हणाली. “ती बोलत न्हाई.”

मेंढ्या एकीमागून एक आत जात होत्या. धूर पुन्हा कोकरांकडे वळला होता. मी लिंबाखालून निघाले आणि चुलीपाशी येऊन उभी राहिले.

“धुळाबा, हिरानं फोटो कुणाला दिला नव्हता. तो मी काढला, तिला न सांगता. मीच इंटरनेटवर टाकला. आणि दुकानात तुम्ही मला विचारलं, तेव्हा मी खोटं बोलले.”